प्रभागातला उमेदवार आणि कोपऱ्यावरचे दुकान

नगरपरिषदेची निवडणूक जवळ आली की उमेदवारास कोपऱ्यावरच्या दुकानाची आठवण प्रकर्षाने होऊ लागते. जाहीरनाम्यात ‘छोट्या व्यावसायिकांचे हित’ हे शब्द हटकून येतात, प्रचारफेरी मुद्दाम पेठेतून निघते आणि टपरीवरचा चहा उभ्या उभ्या घेतला जातो. यात गैर काही नाही. ज्याला मते हवीत त्याने मतदारांच्या दारी गेलेच पाहिजे. परंतु ही आस्था मतदानाच्या दिवसापलीकडे टिकावयाची असेल, तर नगरसेवकाच्या हाती नेमके काय आहे आणि काय नाही, याचे भान उमेदवारास आणि मतदारास, दोघांसही असावयास हवे.

कराडला लागून असलेल्या मलकापूरचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. ग्रामपंचायत, मग नगरपंचायत आणि आता नगरपरिषद अशा पायऱ्या हे गाव चढत आले. पुणे–बंगळूर महामार्ग गावातून जातो आणि कृष्णा रुग्णालयामुळे आसपासच्या तालुक्यांतील रुग्ण व त्यांचे नातेवाईक येथे येतात. अशा गावात खानावळ, औषधांचे दुकान, फळांची गाडी, चहाची टपरी हे व्यवसाय आपोआप उभे राहतात. रुग्णाच्या उशाशी रात्र काढणाऱ्या नातेवाइकाला परवडेल असे जेवण मिळते, ते याच माणसांमुळे. महामार्गाचे सहापदरीकरण सुरू झाले, २०२३ साली कोल्हापूर नाक्यावरचा जुना उड्डाणपूल पाडण्यात आला आणि कराड ते मलकापूर असा तीन किलोमीटरांहून अधिक लांबीचा नवा पूल हाती घेण्यात आला. असा पूल वाहतुकीची कोंडी फोडतो, हे खरे. तथापि वाहने वरून जाऊ लागली की खालच्या रस्त्यावरचे गिऱ्हाईक बदलते, आणि बांधकामाच्या काळात दुकानाच्या पायरीपर्यंत पोहोचणेही कठीण होते. महामार्ग हा नगरपरिषदेचा विषय नव्हे. परंतु सेवारस्ता, पादचाऱ्यांची वाट आणि वाहनतळ यांविषयी ठराव करून संबंधित खात्यामागे तगादा लावणे हे काम नगरसेवकाचेच आहे.

छोटे दुकान हा केवळ देवघेवीचा व्यवहार नसतो. महिनाअखेरीस उधारीच्या वहीत नाव लिहून घेणारा दुकानदार हा गरीब कुटुंबाचा बिनव्याजी सावकार असतो. अमेरिकेतील शहरांचा अभ्यास करणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१ सालीच दाखवून दिले होते की रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः पहारेकऱ्यांमुळे नव्हे, तर दुकानदार आणि येणारेजाणारे यांच्या नजरेमुळे. आपल्या आळीतील कोणत्याही गृहिणीस हे पुस्तक न वाचताही ठाऊक असते.

मग नगरपालिका आणि पेठ यांच्यात दुरावा का आला? याचे एक कारण उत्पन्नाच्या रचनेत आहे. जकात होती तोवर पेठेत माल आला की पालिकेच्या तिजोरीत पैसा येत असे. जकातीचे जाच पुष्कळ होते आणि १९९९ साली नगरपरिषदांतील जकात रद्द झाली, याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु त्यानंतर पालिकांची नजर शासनाच्या अनुदानाकडे वळली. पेठ भरली काय आणि ओस पडली काय, तिजोरीला त्याची झळ लगेच लागत नाही. जेथे हिशेबाचा संबंध तुटतो, तेथे आस्थेचा संबंध मुद्दाम जोडावा लागतो.

तो जोडण्याची साधने कायद्यात आहेत. पथविक्रेत्यांविषयीचा २०१४ चा कायदा सांगतो की शहरात पथविक्रेता समिती असावी, तिच्यात विक्रेत्यांचे स्वतः निवडलेले प्रतिनिधी किमान चाळीस टक्के असावेत आणि त्यांपैकी एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात. विक्रेत्यांची पाहणी दर पाच वर्षांनी किमान एकदा व्हावी, हटविण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस द्यावी, आणि जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्यास त्याच दिवशी परत करावा, असेही तो म्हणतो. भाजीवाल्या बाईची पाटी उचलून नेणाऱ्या गाडीसमोर उभे राहून आरडाओरडा करण्यापेक्षा, ही समिती नेमली आहे काय, तिच्या बैठका होतात काय आणि पाहणीत त्या बाईचे नाव आले आहे काय, हे विचारणारा नगरसेवक अधिक उपयोगाचा.

यात हितसंबंधांचा झगडाही आहे, तो लपवून चालणार नाही. पट्टी भरणाऱ्या दुकानदारास आपल्या दारातील हातगाडी खुपते, पादचाऱ्यास दोघांचीही अडचण होते. पालिकेने गाळे बांधले आणि त्यांचा लिलाव केला, तर अनामत भरू शकणारा धनिक गाळा घेतो व ज्याच्यासाठी गाळा बांधला तो पुन्हा रस्त्यावर येतो. दैनिक बाजार वसुलीचा ठेका दिला, तर पावती किती रुपयांची आणि घेतले किती, याची चौकशी कोणी करीत नाही. सर्वांना खूश ठेवू पाहणारा उमेदवार अशा ठिकाणी गप्प बसतो. ज्याला खरी कळकळ आहे, त्याला कोणाला किती जागा, कोणत्या वेळी आणि कोणत्या भाड्याने, हे स्पष्ट सांगावेच लागते.

मलकापूरला हा धडा बाहेरून शिकण्याची गरज नाही. चोवीस तास पाणी आणि ते मीटरने, या योजनेने या गावाचे नाव देशात झाले. जो जितके वापरील त्याने तितके द्यावे आणि अधिक वापरणाऱ्यास दरही अधिक, हे तत्त्व लोकांनी स्वीकारले, कारण मोजमाप सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. पाणी मोजून देता येते, तर पेठेतील जागाही आखून, नोंदवून आणि पावती देऊन का देता येऊ नये?

म्हणून मते मागावयास येणाऱ्या उमेदवारास चहा अवश्य पाजावा. मात्र कप रिकामा होईपर्यंत त्यास तीन प्रश्न विचारावेत: विक्रेत्यांच्या पाहणीची यादी कोठे आहे, गाळ्यांच्या वाटपात लहान व्यावसायिकांसाठी काय राखून ठेवणार, आणि रस्ता खोदण्यापूर्वी दुकानदारांस किती दिवस आधी कळविणार. उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. दुकानदाराला वही ठेवण्याची सवय असतेच. उधारी वसूल करण्यासाठी त्याला पुढली निवडणूक येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.