सायकल तपासली, छाती राहिली

माझ्या दवाखान्याच्या पडवीत एक काळी सायकल भिंतीला टांगलेली असते. नंबर लागेपर्यंत बसलेले रुग्ण तिच्याकडे पाहत असतात. एखादा धीट माणूस उठतो, दोन बोटांनी ती उचलून पाहतो आणि विचारतो, "डॉक्टर, ही प्लॅस्टिकची काय हो?" दुसरा प्रश्नही ठरलेला, "केवढ्याला पडली?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी आनंदाने देतो. पण याच सायकलीवर मला हृदयविकाराचा पहिला इशारा मिळाला होता आणि तीस वर्षे लोकांच्या छातीला नळी लावणाऱ्या या डॉक्टरने तो दोन आठवडे दडपून ठेवला, हे सांगताना मात्र जीभ अडखळते. वाचकहो, आजचा लेखप्रपंच त्यासाठीच आहे.

माझी जुनी सायकल ॲटलसची होती. कॉलेजात घेतलेली, वजनाने वीस किलोच्या घरातली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. दिवेआगरच्या वाड्यांतील नारळी-पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, तेव्हा आमच्या अंगणातला एक माड त्या सायकलीवर पडला. योगायोग असा, की ३ जून हा जागतिक सायकल दिन आणि नेमक्या त्याच दिवशी ॲटलस कंपनीच्या साहिबाबादच्या कारखान्यातले काम थांबले. माझी सायकल आणि तिचे माहेर एकाच दिवशी गेले म्हणायचे! त्यानंतर तीन वर्षे मी स्कूटरवरून व्हिजिटला जात राहिलो. पोट सुटले, पँटचा पट्टा दोन भोके पुढे सरकला.

२०२३ सालच्या गणपतीत मुलगा घरी आला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही सगळ्यांना व्यायाम सांगता. स्वतः काय करता?" मी सायकलची आठवण काढून उसासा टाकला. त्याने ते मनावर घेतले. दोन महिन्यांनी एक लांबट खोका घरी आला. आत होता कार्बनचा नुसता सांगाडा आणि पुढचा चिमटा. चाके, हँडल, पायडल काही नाही. तयार कार्बन सायकल तेव्हा दीड लाखाच्या पुढे जात होती, हा स्वस्तातला सांगाडा पस्तीस हजारांत मिळाला होता. बाकीचे भाग सवडीने जमवायचे होते. काही पुण्याहून वापरलेले आणले, काही नवे घेतले.

त्या दिवसांत डोक्यात वारे शिरले होते हे खरे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत २०१७ साली एकट्याने पुरी केली. डॉक्टर मंडळी एवढे करतात, तर आपण निदान श्रीवर्धनपर्यंत का जाऊ नये? त्यांच्यामागे वर्षानुवर्षांची तयारी असते. मला फक्त सायकल दिसली.

सांगाड्याची तपासणी

सायकल जोडायला गाठले ते आमच्या जुन्या सायकलवाल्या मिस्त्रींना. वय साठीच्या पुढे, हात लोखंडाला सरावलेले. सांगाडा हातात घेऊन ते म्हणाले, "डॉक्टर, हा तर सुपारीच्या विरीसारखा हलका. मोडला म्हणजे?" प्रश्न रास्त होता. कार्बनचे केसाहून बारीक धागे राळेसारख्या द्रव्यात बसवून ही नळी करतात. ताण सहन करण्यात ती पोलादालाही हार जात नाही. १९८६ साली ग्रेग लेमाँडने कार्बनच्या सायकलीवर 'टूर द फ्रान्स' जिंकली, ती अशा सायकलीवर जिंकलेली पहिलीच. परंतु पोलाद मोडण्याआधी वाकते, माणसाला सावध करते. कार्बन वाकत नाही. आतून तडकतो आणि एके दिवशी एकदम दगा देतो. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या बाबतीत आम्ही सांगतो तेच येथेही खरे, की बाहेर खूण नाही म्हणून आत इजा नाही असे समजू नये.

म्हणून जोडणीआधी तपासणी केली. सुती फडके नळीवरून फिरवले, कुठे धागा अडकतो का पाहिले. मग रुपयाच्या नाण्याने इंचाइंचावर ठोकून आवाज ऐकला. सगळीकडे खणखणीत आवाज हवा. कुठे बद्द वाजले तर शंका घ्यावी. ही विद्या आम्हा डॉक्टरांना नवी नाही. व्हिएन्नाचे डॉक्टर औएनब्रुगर हे खानावळवाल्याचे चिरंजीव. पिंपात दारू किती उरली ते वडील ठोकून ओळखत. त्यावरून छातीवर बोटाने ठोकून आतले पाणी ओळखण्याची रीत त्यांनी शोधली आणि १७६१ साली ती ग्रंथरूपाने मांडली. आजही विद्यार्थ्यांना ती शिकवतात.

हाताचा अंदाज आणि काटा

मिस्त्रींचा खरा झगडा पान्याशी झाला. लोखंडी सायकलीचा बोल्ट हात थांबेपर्यंत आवळायची त्यांची सवय. कार्बनला ती चालत नाही. हँडल आणि सीटचे बोल्ट साधारण पाच न्यूटन-मीटरपर्यंत आवळतात. नेमका आकडा त्या त्या भागावर छापलेला असतो. पाच म्हणजे वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला अडीच किलोचे वजन टांगावे एवढेच बळ. त्यासाठी काट्याचा पाना मिळतो, तो मागवला. मिस्त्री नाराज झाले. "चाळीस वर्षं हाताच्या अंदाजानं करतोय," म्हणाले. मी त्यांना सांगितले, "माझ्याकडे येणारा प्रत्येक जण म्हणतो, बीपी वाढलं की मला कळतं. त्याला खरंच कळतं का? म्हणून यंत्र लावायचं." हे त्यांना पटले. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवा, पुढे ती माझ्यावरच उलटणार आहे.

खाऱ्या हवेची वेगळी काळजी घ्यावी लागली. ॲल्युमिनियम आणि कार्बन एकमेकांना चिकटून असले आणि त्यात खारा दमट वारा शिरला, की ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झिजते. सीटचा दांडा सांगाड्यात कायमचा अडकून बसू शकतो. म्हणून आट्यांना ग्रीस लावले. कार्बनच्या दांड्याला मात्र ग्रीस नव्हे, त्यासाठी खरखरीत लेप वेगळा मिळतो. समुद्रावरून आले की गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवायचे आणि कोरडे पुसायचे, असा नियम केला.

सायकल माणसाच्या मापाची हवी

आता आरोग्याचा भाग. सायकल कार्बनची असो की लोखंडाची, ती आपल्या मापाला जुळवली नाही तर दुखणी विकत घेतल्यासारखे होते. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीजवळ पुढून दुखते. फार वर असेल तर गुडघ्यामागची शीर ओढते आणि कंबर दोन्ही बाजूंना डुलते. हँडल फार लांब किंवा खाली असेल तर मान व कंबर धरते. तळहातावर भार पडून करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते, कारण तिथली मज्जातंतूची शीर दाबली जाते. सीटचे नाक वर उचललेले असेल तर मांड्यांमधला भाग बधिर होतो. पुरुष मंडळी लाजून हे सांगत नाहीत. सांगावे, कारण सीट बदलून किंवा सरळ करून ते बहुधा थांबते.

सीटच्या उंचीची सोपी परीक्षा अशी : सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा सरळ व्हावा. मग चवडा पायडलवर ठेवला, की गुडघ्यात किंचित बाक राहतो. मोजून करायचे तर जांघेपासून जमिनीपर्यंतचे माप ०.८८३ ने गुणावे. माझे माप ८० सेंटिमीटर, म्हणून पायडलच्या मधल्या दांड्याच्या केंद्रापासून सीटची उंची सुमारे ७०.६ सेंटिमीटर ठेवली. वाचकांपैकी बहुतेकांकडे साधी सायकल असेल. तिची सीट बहुतेक वेळा दोन-तीन इंच खाली असते. तेवढी वर घेतली तरी गुडघ्यांची निम्मी कुरकुर थांबेल. त्यासाठी कार्बनची गरज नाही.

दिव्याखाली अंधार

२०२४ च्या शिमग्याच्या सुमारास सायकल तयार झाली. आठ किलोच्या आसपास भरली. मी पहाटे भरडखोलमार्गे शेखाडीकडे जाऊ लागलो. उजवीकडे समुद्र, डावीकडे डोंगर, असा रस्ता महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल. पण तो मध्येच चांगला चढतो. चौथ्या दिवशी त्या चढावर छातीच्या मध्यभागी कोणीतरी पाटा ठेवल्यासारखे वाटले. थांबलो. तीन-चार मिनिटांत बरे वाटले.

एखाद्या रुग्णाने मला हे सांगितले असते, तर मी त्याला खुर्चीवरून उठू दिले नसते. स्वतःला मात्र सांगितले, हँडल लांब पडते, म्हणून छातीचे स्नायू ताणले जातात. हँडलला धरणारा पुढचा तुकडा ११० मिलिमीटरचा होता, तो बदलून ९० चा बसवला. दोन दिवसांनी पुन्हा तेच झाले, या वेळी डाव्या जबड्यातही कळ आली. मी म्हटले, रिकाम्या पोटी चहा घेतला, पित्त झाले असेल. गोळी घेतली. मग सीट पाच मिलिमीटर पुढे सरकवली.

तिसऱ्यांदा सीट हलवायला गेलो तेव्हा मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. म्हणाले, "डॉक्टर, सायकल तीच, चढ तोच. चढलात की दुखतं, थांबलात की राहतं. सपाटीवर काही नाही. मग बिघाड सायकलीत कसा असेल?"

मी गप्प झालो. हृदयाच्या रक्तवाहिनीतील अडथळ्याचे याहून नेमके वर्णन मी पुस्तकात वाचलेले नाही. माझे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. माझा रक्तदाब वर्षभर १४० च्या वर होता आणि औषध मी 'पुढच्या महिन्यापासून' घेणार होतो. सहा वर्षांत ई.सी.जी. काढलेला नव्हता. प्रत्येक बोल्टला काट्याचा पाना लावला, स्वतःला मात्र हाताच्या अंदाजावर सोडून दिले होते.

त्याच दिवशी ई.सी.जी. काढला. तो अगदी व्यवस्थित निघाला! येथे अनेक जण फसतात. आराम करत असताना काढलेला ई.सी.जी. चांगला असला, तरी श्रमाने होणारा त्रास खोटा ठरत नाही. दुसऱ्या दिवशी सौ. बरोबर मुंबईला गेलो. चालत्या पट्ट्यावरच्या चाचणीत दोष दिसला. अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा सापडला, तेथे स्टेंट बसवला. परतीच्या वाटेवर सौ. एवढेच म्हणाली, "अहो, मला निदान सांगायचं तरी." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुन्हा जुळवणी

आधी अंगणात चालणे, मग वेळूवर चालणे, मग तज्ज्ञांच्या परवानगीने सपाटीवर सायकल, अशा क्रमाने तीन महिने गेले. सायकलही या नव्या मालकाच्या मापाने पुन्हा जुळवली. मागच्या चक्रांचा संच ११ ते २८ दातांचा होता, तो ११ ते ३४ चा केला. त्यासाठी साखळी लांब घ्यावी लागली आणि गिअर सरकवणारा भागही लांब दांडीचा घेतला. पुढचे लहान चक्र ३४ दातांचे असल्याने आता पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एकच फेरा होतो. चढावर वेग बेताचा राहतो, पण हृदयावर एकदम भार येत नाही. चिमट्याची वरची नळी मिस्त्रींनी सुरुवातीला कापू दिली नव्हती. "कापलेलं परत जोडता येत नाही," म्हणाले होते. त्यामुळे हँडल दोन सेंटिमीटर वर घेता आले. टायर २५ ऐवजी २८ मिलिमीटरचे घातले आणि हवा थोडी कमी ठेवली. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असताना पडणे महागात पडते, म्हणून हेल्मेटशिवाय निघत नाही.

वेग किती ठेवावा? बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका. नाडीसाठी असलेली काही औषधे घेणाऱ्यांनी नाडीच्या आकड्यावर विसंबू नये, कारण त्या औषधांनी नाडी मंदच राहते. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम हवा, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. यासाठी आपली बाजाराची सायकलही पुरते.

चाळिशी ओलांडलेल्यांनी नवा, दमवणारा व्यायाम सुरू करण्याआधी रक्तदाब, साखर आणि चरबी तपासून घ्यावी. तंबाखू-मिश्री, मधुमेह, किंवा घरात कमी वयात हृदयविकार असेल तर हे टाळूच नये. श्रमाने छातीत, जबड्यात, खांद्यात वा पोटाच्या वरच्या भागात दडपण येत असेल आणि थांबल्यावर ते जात असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. स्त्रियांत आणि मधुमेहींत दुखण्याऐवजी नुसती धाप किंवा विलक्षण थकवा असू शकतो. दुखणे थांबूनही जात नसेल, घाम फुटला असेल, तर स्वतः गाडी चालवू नये, १०८ ला फोन करावा. आमच्या भागातून म्हसळ्यावरून माणगाव गाठायचे तर घाटरस्ता आहे. वाट पाहण्यात घालवलेला वेळ परत मिळत नाही.

परवा मिस्त्री दवाखान्यात आले. जिना चढताना दम लागतो म्हणाले, पण "वयच झालं आता" असे पुढे जोडले. मी त्यांना खुर्चीवर बसवले, रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळला आणि म्हटले, "मिस्त्री, हाताचा अंदाज नको. आधी काटा पाहू."