पियानोवर कोण बसलंय? न बघता सांगा

आजच्या भागासाठी आधी इयरफोन लावा. डबल बासची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते आणि मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला तो आवाज झेपत नाही. स्पीकरवर ऐकलंत तर बासवाला अर्धा गायब.

विषय असा: जॅझमधला पियानोवाला आणि बासवाला नुसत्या कानानं ओळखायचा कसा? वाटतं तेवढं परकं नाही हे. आपल्याकडे सप्त्यात मंडपाबाहेर चहा पीत उभी असलेली जुनी माणसं पखवाजावर आज कोण बसलंय ते आत न डोकावता सांगतात. अभंग तोच, ठेका तोच. फरक हाताच्या वजनात, आणि थाप मात्रेवर नेमकी कुठं पडते त्यात. जॅझमध्येही हेच ऐकायचं.

सरावाला माइल्स डेव्हिसचा १९५९चा 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. पाच ट्रॅक, पाचही ठिकाणी बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब. पियानोवर मात्र चार ट्रॅकना बिल एव्हान्स, आणि दुसऱ्या 'फ्रेडी फ्रीलोडर'ला विंटन केली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत ही तयार ए-बी टेस्ट आहे.

आधी 'सो व्हॉट' लावा. एव्हान्स पट्टी दाबत नाही, ठेवतो. कॉर्डचा मूळ सूर बऱ्याचदा बासवर सोडून देतो, म्हणून त्याचा पियानो हवेत तरंगल्यासारखा वाटतो. मग लगेच 'फ्रेडी फ्रीलोडर'. केलीचा उजवा हात उड्या मारतो, एकेक सूर सुटा, टणक. पाय आपोआप हलायला लागतो. आणि हो, सोलोची वाट बघत बसू नका. ट्रम्पेट चालू असताना मागं पियानो काय करतो ते धरा. माझ्या मते माणूस साथीतच लवकर सापडतो.

थेलोनियस मंक ओळखायला सगळ्यात सोपा. शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम ठोकतो, कानाला खटकतं, आणि मग मधेच गप्प बसतो. ती शांतताही त्याचीच.

बासवाला जरा अवघड, कारण तो बहुतेक वेळ चार मात्रांना चार सूर देत चालत असतो. चेंबर्स सोलोला कधी कधी गज हातात घेतो. तो खरखरीत आवाज एकदा ऐकला की पुरे. रॉन कार्टर एका सुरावरून दुसऱ्यावर मींडेसारखा घसरत जातो. चार्ली हेडन खालचे मोजकेच सूर वाजवतो. स्कॉट लाफारो तर ठेका सोडून पियानोशी गप्पाच मारतो. बिल एव्हान्सबरोबरचं त्याचं व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधलं रेकॉर्डिंग २५ जून १९६१चं. त्यानंतर अकरा दिवसांत अपघातात गेला, वय २५.

आता तुम्ही म्हणाल, ॲप आहे की! शाझमसारखं ॲप रेकॉर्डिंग ओळखतं, हात ओळखत नाही. आणि हा फरक आपल्या घरातल्या गाण्यांना नडतो. जुन्या हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डवर गायक, संगीतकार, गीतकार यांची नावं असायची. वादकांची बहुधा नाहीच. त्यातले कितीतरी गोव्याचे, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे. पियानोवर लुसिला पाचेको, आर. डी. बर्मनकडे बासवर टोनी वाझ, अशी थोडी नावं आज सापडतात, ती ग्रेगरी बूथसारख्यांनी जुन्या वादकांना गाठून आठवणी टिपून घेतल्या म्हणून. त्याचं 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक २००८ साली आलं. पण अमुक गाण्यात नेमकं कोण, हे कित्येकदा त्या पिढीच्या कानातच राहिलंय, आणि ती पिढी आता संपत आली.

तर आज रात्री आरडीचं आवडतं गाणं लावा आणि गाणारा सोडून फक्त बास धरा. पहिल्या कडव्यातच हातातून निसटेल. पुन्हा लावा. पुढच्या भागात अकॉर्डियन घेऊ.