सासवडकरांचे फड

ऊसपट्ट्याचा इतिहास लिहायला बसलेला माणूस हल्ली 1950 सालापासून सुरुवात करतो. प्रवरेकाठचा सहकारी कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ. त्या दोघांचे ऋण मी मानतोच, पण त्यांच्यावर इतके लिहून झाले आहे की मी तिथे थांबणार नाही. त्या कारखान्यात पहिली मोळी पडण्याआधी साठ वर्षे याच काळ्या जमिनीत कुणी सरी पाडली, कुणी काहील चढवली, हे सांगायला माणूस उरला नाही म्हणून हा लेख.

ते लोक सासवडचे माळी. कऱ्हेकाठची विहीर, मोट, फुलझाड, भाजीचा वाफा आणि पुण्याची बाजारपेठ हे त्यांचे जग. 1876-77 च्या दुष्काळाने हादरलेल्या सरकारने वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण बांधायला घेतले आणि 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा बारामतीकडे वाहू लागला. पाणी आले, पण ते घेणारा कुणी नव्हता. पाऊस बरा झाला की पाटाचे पाणी तसेच पुढे वाहून जायचे.

माझ्या आधीच्या काही अभ्यासकांनी इथे घाईने निकाल दिला: म्हणे बारामतीकडचा कुणबी आळशी, पाण्याला भ्यालेला. हे मला कधीच पटले नाही. काळ्या भारी रानात परतीच्या पावसावर शाळू येतो, त्याला पाटाच्या पाण्याचा पैसा कशाला भरायचा? ऊस करायचा तर बेणे, पेंड, बैल, मजूर आणि वर्षभर थांबण्याइतके भांडवल हवे. ते नसताना पाणी नाकारणे हा शहाणपणाच होता. दुसरा पंथ म्हणतो, कालव्यानेच सुबत्ता आणली. कालव्याने पाणी आणले. सुबत्ता आणली ती पाणी कुठे, किती आणि कशावर द्यायचे हे जाणणाऱ्या हातांनी.

सासवडकर या कालव्यावर आले ते जमिनीचे मालक म्हणून नव्हे. त्यांनी खंडाने जमिनी घेतल्या. एकरी खंड ठरवायचा, काही वर्षांचा करार करायचा आणि एकेका कुटुंबाने कितीतरी मालकांचे तुकडे जोडून फड उभा करायचा. आमच्या घरची काही रानेही अशीच त्यांच्याकडे होती. आजी सांगायची की माळी आले तेव्हा गावात पहिल्यांदा पेंडीच्या गाड्या उतरल्या, आणि चांगली खाण्याजोगी करडईची पेंड मातीत घालतात म्हणून बायका हळहळल्या. करंजाची, एरंडीची पेंडही यायची. त्याआधी धनगराची मेंढरे रात्र रात्र रानात बसवायची, शेणखत ओढायचे. ऊस पुंड्या: जाड, मऊ, रसाळ आणि खादाड. पाण्याची पाळी चुकली की रुसायचा. रात्रीची दारे धरणारा माणूस कंदील बांधावर ठेवून पाण्याच्या आवाजावरून सरी भरल्याचे ओळखायचा. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हते. ते कऱ्हेकाठच्या विहिरीवर, मोटेच्या एकेका ओंजळीचा हिशेब करताना कमावलेले होते.

आणि गुऱ्हाळ! त्याबद्दल लिहिताना माझा हात आवरत नाही. लोखंडी चरकाभोवती बैल फिरतायत, चुलवाणात वाळलेले चिपाड ढकलले जातेय, काहिलीतला रस उकळून मळी वर येतेय आणि झाऱ्याने ती काढली जातेय. भेंडीच्या चिकाने रस निवळायचा. मग गुळव्या. त्याच्याकडे ना तापमापक ना घड्याळ. तो पाक थोडासा गार पाण्यात सोडायचा, बोटांत गोळी फिरवायचा आणि त्या गोळीवरून काहील उतरवायची वेळ सांगायचा. क्षणभर उशीर झाला तर ढेप काळी पडते, लवकर उतरवली तर ती बसत नाही. पूर्ण फडाचे वर्ष त्या एका माणसाच्या बोटांवर. चांगल्या गुळव्याला सासवडकर मान देत आणि त्याच्यासाठी दुसऱ्या गावाहून बैलगाडी पाठवत.

पुढचा पट्टा मी भरभर सांगतो. विश्वेश्वरय्यांची ब्लॉक पद्धत आली आणि उसाला काही वर्षांच्या कराराने खात्रीचे पाणी मिळू लागले. दारणा धरणावरचे गोदावरी कालवे, मग भंडारदरा (1926) आणि प्रवरा कालवे. सासवडकर कोपरगाव, राहाता, बेलापूरकडे सरकले आणि तिथेही खंडानेच राहिले.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही, कारण त्यांचा गौरव करणारे ती गाळतात. नीरेच्या डाव्या कालव्यावर भारी जमिनीला फार पाणी बसले, भूजल वर आले आणि चांगली राने चोपण झाली. सरकारला चर खोदावे लागले. खंडकरी पुढे गेला, चोपण मालकाच्या वाट्याला राहिले. आमच्या एका रानात माझ्या लहानपणीही पांढरा थर दिसायचा, आणि वडील तिथे नांगर घालताना गप्प व्हायचे.

1930 च्या मंदीत गुळाचे भाव कोसळले. 1932 साली साखरेला संरक्षक जकात मिळाली आणि त्याच साली या माळ्यांनी आपापले पैसे एकत्र करून ‘सासवड माळी शुगर फॅक्टरी’ स्थापली. माळशिरस तालुक्यात माळीनगर वसले. त्याच दशकात वालचंदनगर आणि श्रीपूर उभे राहिले, पण तिथे भांडवल उद्योजकांनी उभे केले होते. इथे ते गुळाच्या ढेपांतून साठलेले होते, आणि ते चाळीसेक वर्षे दुसऱ्याच्या रानात राबून. प्रवरेच्या सहकारी कारखान्याच्या अठरा वर्षे आधी शेतकऱ्यांनी उभारलेला हा कारखाना आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीचाही धनी नाही, याची मला चीड आहे.

जोतीराव फुल्यांच्या घराचा संबंध सासवडजवळच्या खानवडीशी. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी बंधारे आणि पाणी याविषयी जे मागितले, ते याच मातीतल्या माणसांनी कालव्यावर जाऊन करून दाखवले. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचणारा एकही विद्यार्थी मला अलीकडे भेटलेला नाही.

आता गावोगावी संस्थांच्या शताब्दीच्या स्मरणिका निघतात. गुळगुळीत कागद, अर्धी पाने शुभेच्छांच्या जाहिरातींची, उरलेल्यांत चेअरमनांचे फोटो. खंडाचे दर नाहीत, पेंडीचे भाव नाहीत, गुळव्यांची नावे नाहीत. ती होती कुठे, तर मोडी अक्षरातल्या रोजकीर्दीत. पंचवीस वर्षांपूर्वी एका जुन्या वाड्यात मी तीन ट्रंका भरून अशा वह्या पाहिल्या आणि ‘पुढच्या महिन्यात येतो’ म्हणून परतलो. महिन्याने गेलो तेव्हा वाडा पाडायला काढला होता आणि वह्या रद्दीत गेल्या होत्या. एक वही मात्र चुकून माझ्या पिशवीत राहिली होती. तिच्यात मजुरी, दोरखंड, कंदिलाचे रॉकेल, पेंडीच्या गाड्या, आणि मोळी टाकताना देवीला दिलेला नारळ, सगळे एकाच शाईने लिहिलेले आहे.

बारामती, कोपरगाव, राहाता, माळीनगर इथल्या ज्या घरांत अशा वह्या माळ्यावर असतील, त्यांनी त्या रद्दीवाल्याला देण्याआधी या अंकाच्या पत्त्यावर दोन ओळी पाठवाव्यात. मोडी वाचणारे दोघेजण माझ्यासोबत आहेत. वही घरातून हलवायची गरज नाही, आम्ही तिथे येऊन उतरवून घेऊ.