बिननावाच्या माणसाला नाव

‘तीन राज्ये’ या चिनी कादंबरीतला चौ छांग हा सेनानी काल्पनिक. तरी देवपद मिळालेल्या सेनानी ग्वान यूच्या देवळांत त्याची मूर्ती उभी असते! तिसऱ्या शतकातल्या छन शौच्या इतिहासात तो नाही. ग्वान यूच्या बैठकीत मध्येच बोलणारा एक अनामिक मात्र आहे. कादंबरीने ते बोलणे चौ छांगच्या तोंडी घातले.

नेसरीच्या लढाईबाबतही असेच घडले. 1674 मध्ये मराठा सेनापती प्रतापराव गुजर सहा स्वारांसह पडले, हे तेव्हाच्या इंग्रजी पत्रव्यवहारात येते. त्या सहांची प्रचलित नावे समकालीन साधनांत सापडत नाहीत. मग सगळीच दंतकथा? तसे नव्हे. मरणाला पुरावा आहे, नावांना नाही. एकाच्या संशयाने दुसरे खोडता येत नाही. चौ छांगच्या बाबतीत मात्र माणूसच रचलेला.