मुरबाड ते मॉन्टाना

खच्चून भरलेली कसारा लोकल, आसनगाव यायला अजून अर्धा तास, आणि मोबाईलवर फोटो येतो : गुडघाभर बर्फात उभा असलेला आमचा डॉक्टर. म्हणजे माझा मावसभाऊ. मुक्काम मॉन्टाना, अमेरिका. खाली लिहिलंय, 'इथेही खेड्यातच आहे रे!'

सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर बॉण्डचं एक वर्ष त्याने मुरबाड तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. तेव्हा १० लाख दंड भरून सुटता येत होतं. काही मित्र सुटलेही. हा राहिला. एका रात्री मण्यार चावलेला पोरगा आला. जमिनीवर झोपणाऱ्यांना हा साप झोपेतच चावतो. सूज नाही, फारसं दुखतही नाही, पण पापण्या जड होतात आणि मग श्वास अडकतो. सापावरचं इंजेक्शन होतं, व्हेंटिलेटर नव्हता. ठाण्यापर्यंत ॲम्ब्युलन्समध्ये याने हाताने फुगा दाबत पोराचा श्वास चालू ठेवला. पोरगा वाचला. महिनाभरात साहेबांच्या टेबलावर यूएसएमएलईची पुस्तकं!

मी जाम चिडलो होतो. तानसा-भातसाचं पाणी आमच्या शहापूर तालुक्यातून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमचेच पाडे टँकरची वाट बघतात. आता डॉक्टरही तसेच जाणार?

पण अमेरिकेचा फंडा ऐका. जे-वन व्हिसावर रेसिडेन्सी करणाऱ्या परदेशी डॉक्टरने नंतर दोन वर्षं मायदेशी परतायचं, असा तिथला नियम. टाळायचाय? मग जिथे डॉक्टर कमी आहेत, तिथे तीन वर्षं काम करा. 'कॉनराड ३०' म्हणतात त्याला. १९९४ पासून चालू आहे, आता प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा. म्हणजे बॉण्डच की!

"मग इथलाच बॉण्ड काय वाईट होता?" मी एकदा विचारलं.

"पगाराचं सोड. इथे पेशंट बिघडला तर हेलिकॉप्टर येतं. तिथे रात्री दोन वाजता माझ्यामागे कोण होतं, सांग."

मला सांगता आलं नाही.

गेल्या महिन्यात मावशीच्या छातीत दुखायला लागलं. शहापूरला ईसीजी काढून घेतला आणि त्याचा फोटो पाठवला. तिकडे मध्यरात्र असणार, पण दोन मिनिटांत फोन. आवाज एकदम मुरबाडवाला. "ॲस्पिरिन चावायला दे. गाडी काढ. कल्याणला हलव तिला, आत्ताच्या आत्ता!"

स्टेंट बसला, मावशी बरी आहे. बर्फातला फोटो दाखवला, तर चष्मा वर करून बराच वेळ बघत बसली. "आंघोळीला गरम पाणी मिळतं ना रे त्याला?"