कारंजाचे खरे धन

वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे गाव आजही ‘लाडांचे कारंजे’ म्हणून ओळखले जाते. लाड व्यापाऱ्यांच्या पेढ्यांनी या गावास एके काळी मोठे वैभव प्राप्त करून दिले. दिल्ली, दारव्हा, पोहा व मंगरुळ या चार वेशींची नावे उच्चारली, तरी येथून कोणकोणत्या दिशांना व्यापाराच्या वाटा जात असतील, याची कल्पना येते. चौदाव्या शतकातील श्रीनृसिंहसरस्वती यांचे हे जन्मस्थान असल्याने दत्तभक्तांची येथे सदैव वर्दळ असते.

या वैभवाची एक आख्यायिका गावात आवडीने सांगितली जाते. कस्तुरी विकण्यास आलेल्या परदेशी व्यापाऱ्याला गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा येथील एका सावकाराने सारी कस्तुरी विकत घेतली आणि आपल्या वाड्याच्या बांधकामासाठी कालवलेल्या चुन्यात ओतली! ‘कस्तुरीची हवेली’ हे नाव त्यातूनच आले, असे म्हणतात. इ. स. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने या मोगली पेठेतून जी संपत्ती नेली, ती वाहण्यास चार हजार बैल व गाढवे लागली, अशी इतिहासात नोंद आहे.

बँकेच्या नोकरीत तिजोरीच्या किल्ल्या सांभाळण्यात माझे आयुष्य गेले. म्हणूनच कारंजास गेलो, तेव्हा एक विचार मनात आला. बैलांवर लादता आले ते सारे गेले. मात्र जे कोणाला लुटावेसे वाटले नाही, ते उरले. ते धन म्हणजे येथील ग्रंथभांडारे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे या एकाच गावात आहेत. भट्टारकांच्या आश्रयाने येथे शेकडो हस्तलिखिते जतन झाली.

परंतु ठेव नुसती कुलपात राहून तिचे मोल वाढत नाही. डॉ. हीरालाल जैन यांनी ही बासने सोडली आणि अपभ्रंश साहित्याचे दालन अभ्यासकांना खुले झाले. दहाव्या शतकातील महाकवी पुष्पदंतांचे ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांच्या संपादनाने १९३१ मध्ये, तर ‘णायकुमारचरिउ’ डॉ. हीरालालजींच्या संपादनाने १९३३ मध्ये कारंजाच्या ग्रंथमालेत प्रकाशित झाले. तत्पूर्वी १९१८ मध्ये पुढे समंतभद्र महाराज म्हणून पूज्य झालेल्या देवचंदजींनी येथेच महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापून गुरुकुलाची परंपरा सुरू केली होती. ग्रंथ राखायचे, तर ते वाचणारी मुलेही घडवावी लागतात!

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. आमच्या आजोबांच्या हातची एक पोथी घरी पत्र्याच्या पेटीत होती. दर दिवाळीला मी पेटीवरची धूळ पुसली. पेटी मात्र उघडली नाही. निवृत्तीनंतर उघडली, तेव्हा वाळवीने आपले काम पूर्ण केले होते. इतरांच्या ठेवींचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्याच्या घरची ठेव अशी बुडाली.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, श्रुतपंचमीला, शास्त्रे बाहेर काढून, स्वच्छ करून नव्या वेष्टनात बांधण्याची आपली प्रथा आहे. पूर्वजांनी जतनाचे काम पूजेत गुंफले, ते यासाठीच. वाचकहो, येत्या श्रुतपंचमीला केवळ अर्घ्य वाहून थांबू नका. घरातील जुनी पेटी उघडा, पोथी हलक्या हाताने पुसा आणि नातवंडांना जवळ बसवून तिचे निदान एक पान तरी वाचा.