ऑनलाइन पदव्युत्तर वर्ग आणि दूरचा विद्यार्थी

पाली व बौद्ध अध्ययनाचा एखादा पदव्युत्तर ऑनलाइन वर्ग लंडनहून चालतो आणि त्याची वेळ सायंकाळी सात ठरते, असे समजू. हिवाळ्यात त्या क्षणी मुंबईत रात्रीचे साडेबारा, यांगोनमध्ये दीड आणि टोकियोत पहाटेचे चार वाजलेले असतात. प्रवेश सर्वांना सारखाच मिळाला. परंतु वेळापत्रक आखणाऱ्याच्या मनात विद्यार्थी एकाच प्रकारचा होता. अडचण सांगणाऱ्यास सवलत देणे म्हणजे समावेशकता नव्हे. अडचण सांगण्याची पाळीच येऊ नये, अशी रचना आरंभी करणे म्हणजे समावेशकता, असे आम्ही मानतो.

म्हणून व्याख्यान ध्वनिमुद्रित असावे व त्याची लिखित प्रत सोबत द्यावी. ती कर्णबधिरास लागते, इंग्रजी ज्याची तिसरी भाषा आहे त्यास लागते आणि ज्याचा मोबाइल डेटा चित्रफितीस पुरत नाही त्यासही लागते. छापील पानाचे नुसते छायाचित्र मात्र देऊ नये. दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखविणारी संगणकप्रणाली त्यापुढे मुकी होते.

पालीच्या वर्गात लिपीचा पेच अधिक बिकट आहे. पालीची स्वतःची अशी एकच लिपी नाही. श्रीलंकेचा भिक्खू ती सिंहली लिपीत वाचतो, म्यानमारचा बर्मी लिपीत, आपण देवनागरीत. पाश्चात्त्य विद्यापीठात बहुधा रोमन लिपी गृहीत धरली जाते. सुत्ते मुखोद्गत असलेला भिक्खू रोमन अक्षरांवरील टिंबे-रेघांत अडखळला, म्हणून त्याची पाली कच्ची ठरविणे हा उघड अन्याय होय. १९५४-५६ च्या छट्ठ संगायनाचा पाठ आज संगणकावर हव्या त्या लिपीत पाहता येतो. मग परीक्षेतही ही मुभा का नसावी?

पहिल्या तासाचा परिचय हीदेखील वाटते तितकी साधी बाब नाही. आडनाव, गाव, घराणे विचारणे परदेशी प्राध्यापकास सौजन्य वाटते. भारतीय वर्गबंधूंसमोर तीच जातीची चौकशी ठरते. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती एका खोलीतील अवघा संसार चव्हाट्यावर मांडते. नाव व चेहरा किती दाखवावा, हे विद्यार्थ्यानेच ठरवावे.

राहिला खंडाचा प्रश्न. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची परवानगी विद्यापीठाने दिली होती. १९२० मध्ये ते गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. अशी परवानगी आज अर्जविनंत्यांवर सोडू नये, ती नियमपुस्तिकेत असावी. खंड किती महिन्यांचा घेता येतो आणि त्या काळात ग्रंथालय खुले राहते काय, हे आपल्या विद्यार्थ्यांनी शुल्क भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे.